आप्पांची गोळी आणि त्यातला धातू



गेल्या पावसाळ्यात केदारखेड्यातल्या माझ्या एका जुन्या पेशंटने बीपीची गोळी बंद केली. त्याला निम्मे कारण मी होतो. त्यांचे नाव सांगत नाही, आपण त्यांना आप्पा म्हणू. वय 68, दोन एकर मोसंबी, थोडी कपाशी, घरी एक गाय. बारा वर्षांपासून बीपी, आठ वर्षांपासून शुगर. गोळ्या वेळेवर घेणारा असा पेशंट मला दहात एक मिळतो.

एके दिवशी दवाखान्यात गर्दी असताना त्यांनी टेल्मिसार्टनची स्ट्रिप माझ्यासमोर धरली आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, खरं सांगा, या गोळीत धातू राहतो का? नातवाच्या मोबाईलवर आलंय, की या गोळ्या धातू घालून बनवतात आणि तो किडनीत साचतो."

बाहेर वीसेक जण थांबलेले. मी म्हणालो, "काही धातूबितू नसतो आप्पा, गुपचूप घेत जा." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

आप्पांचा नातू भोकरदनला कॉलेजात आहे, सायन्सला. त्याने घरी जाऊन शोधले. त्याला इंग्रजीतला एक लेख सापडला आणि त्यात स्पष्ट लिहिलेले होते, की या गटातल्या औषधांच्या निर्मितीत पॅलेडियम नावाचा धातू वापरतात. आप्पांनी हिशोब मांडला, डॉक्टर खोटे बोलले. खोटे बोलले म्हणजे लपवण्यासारखे काहीतरी आहे. त्यांनी गोळी थांबवली आणि मला सांगितले नाही. सहा आठवड्यांनी त्यांचा मुलगा त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला. तोंड वाकडे झालेले, डावा हात लुळा, बीपी 214/118. छत्रपती संभाजीनगरला सीटी स्कॅनमध्ये मेंदूत लहानसा रक्तस्राव निघाला. आप्पा वाचले, चालू लागले. पण डाव्या हाताची पकड पूर्ण आली नाही. गाईची धार आता सून काढते.

आप्पांचा प्रश्न बरोबर होता, माझे उत्तर चुकीचे होते. गोळी चांगलीच होती, पण माझे उत्तर घाईचे आणि खोटे होते. खरे सांगायचे तर मलाही नीट माहीत नव्हते. एमबीबीएस आणि एमडीला आम्ही औषध शरीरात काय करते ते शिकतो, ते कारखान्यात कसे तयार होते ते कोणी शिकवत नाही. माझा पुतण्या केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून एका औषध कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीत त्याला दोन दिवस समोर बसवून मी सगळे विचारून घेतले, मग स्वतः वाचले. तेच आज तुम्हाला सांगतो, कारण आप्पांसारखा संशय तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार.

आधी बीपीची गोळी. लोसार्टन, टेल्मिसार्टन, वाल्सार्टन ही नावे तुमच्या स्ट्रिपवर दिसतील. या सगळ्यांच्या शेवटी 'सार्टन' येते. यांच्या रेणूत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे कार्बनच्या दोन षटकोनी कड्या एकमेकींना जोडलेल्या. औषध शरीरातल्या ज्या कुलपात बसते, त्यात बसायला हा आकार लागतो. आता या दोन कड्या जोडायच्या कशा? कार्बनला कार्बन जोडणे हे रसायनशास्त्रातले सर्वांत कटकटीचे काम. दोन्ही कड्या आपापल्या जागी सुखी असतात. नुसत्या एकत्र उकळल्या तर काहीच होत नाही, फार तापवल्या तर सगळ्याचा काळा लगदा होतो.

इथे धातू लागतो. आपल्याकडे लग्न जमवणारे मध्यस्थ असतात तसा. पॅलेडियमचा अणू आधी एका कडीच्या कार्बनला धरतो, मग दुसरीच्या कार्बनला धरतो, दोघींना समोरासमोर आणतो, त्यांची गाठ बांधतो आणि स्वतः बाहेर पडतो. मग पुढचे स्थळ बघायला मोकळा. एकच अणू असे शेकडो, कधी हजारो वेळा करतो, म्हणून तो लागतोही अगदी थोडा. ज्या क्षणी धातू आणि कार्बन एकमेकांना थेट धरून असतात, त्या जोडीला शास्त्रज्ञ ऑर्गनोमेटॅलिक म्हणजे सेंद्रिय-धातू संयुग म्हणतात. थेट धरणे महत्त्वाचे. गरोदर बाईला आपण लोहाची गोळी देतो, त्यात धातू असतो, पण कार्बनला थेट चिकटलेला नसतो, म्हणून ती या जातीत येत नाही.

ही कला जुनी आहे. फ्रान्सच्या व्हिक्टर ग्रिन्यार यांनी 1900 साली मॅग्नेशियम आणि कार्बन यांची अशी जोडी बनवून दाखवली आणि 1912 साली त्यांना नोबेल मिळाले. ग्रिन्यारचे हे रसायन अतिशय सोवळे. पाण्याचा थेंब लागला की बाटले. पुतण्या सांगतो, त्यांच्या प्लांटमध्ये पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाची सगळ्यात जास्त धास्ती असते. पॅलेडियमची पद्धत पुढे आली. त्यातली सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत जपानच्या अकिरा सुझुकी यांनी 1979 साली प्रसिद्ध केली. 2010 चे नोबेल त्यांना, एइची नेगिशी यांना आणि रिचर्ड हेक यांना मिळून दिले गेले. सुझुकींनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. नव्वदच्या दशकात लोसार्टन मोठ्या प्रमाणावर बनवण्यासाठी हीच रीत कामाला आली. सगळ्या कंपन्या सगळ्या सार्टनना पॅलेडियमच वापरतात असे मात्र नाही. कुठे निकेल, कुठे मँगनीज, कुठे ग्रिन्यारचे मॅग्नेशियम, ज्याची त्याची पद्धत. पण कुठला ना कुठला धातू मध्यस्थी करून जातो, हे खरे.

म्हणजे नातवाने वाचले ते खरेच होते. त्याने वाचले नाही ते पुढचे.

मध्यस्थ लग्नानंतर घरात राहायला येत नाही. काम झाल्यावर धातू काढून टाकतात. त्यासाठी गाळणे, कोळशाच्या भुकटीतून नेणे, धातूला चिकटून घेणारे खास पदार्थ वापरणे, औषधाचे पुन्हा पुन्हा स्फटिक करणे असे बरेच प्रकार आहेत. यात कंपनीचा स्वार्थही आहे, कारण पॅलेडियम हा सोन्याच्या पंगतीतला महागडा धातू. तो गोळीत घालून फुकट वाटायला कोणी मोकळा नाही. एवढे करूनही सूक्ष्म अंश राहू शकतो, म्हणून तो मोजतात. औषधांतल्या धातूंच्या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 2014 साली आली. त्यानुसार तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाता कामा नये. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. शिशाची मर्यादा तर फक्त 5 मायक्रोग्रॅम आहे, कारण शिसे खरोखर घातक. या मर्यादा आयुष्यभर रोज औषध घेणारा माणूस धरून ठरवलेल्या आहेत.

आता उलट बाजू बघा. बाजारात, जत्रेत पुडीत बांधून मिळणाऱ्या, कंपनीचे नाव नाही, बॅच नंबर नाही अशा सांधेदुखीच्या आणि शुगरच्या पावडरी आपल्याकडे बिनधास्त घेतल्या जातात. त्यात शिसे किती, पारा किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पोटात कळा, न सुटणारी बद्धकोष्ठता, रक्त कमी आणि मनगट लुळे पडलेला माणूस समोर आला, की मी आधी विचारतो, पुडी कुठली घेता? गोळीतल्या धातूला भिऊन पुडीकडे वळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सगळा संशय खुळचट असतो असेही मी म्हणणार नाही. 2018 साली वाल्सार्टनच्या काही बॅचमध्ये कॅन्सरची शक्यता वाढवणारी एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली आणि जगभर तो माल परत मागवावा लागला. ती धातूमुळे नव्हती. कच्चा माल बनवण्याची पद्धत बदलताना वापरलेल्या द्रावकातून आणि नायट्राइटमधून ती तयार झाली होती. रेणूच्या ज्या भागाची जुळणी करताना ती झाली, तो भाग टेल्मिसार्टनमध्ये नसतो. पण असे घडले होते, आणि तपासणीमुळेच ते उघडकीला आले. तेव्हाही डॉक्टरांचा सल्ला हाच होता की गोळी मनाने बंद करू नका, बदलून घ्या. अशुद्धीचा धोका वर्षानुवर्षांत मोजायचा असतो. बीपीचा धोका सहा आठवड्यांत दारात येऊ शकतो. आप्पांकडे आला.

आता दुखण्याची गोळी. आयबुप्रोफेन तुमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी घेतली आहे. इंग्लंडमधल्या बूट्स कंपनीने ती 1969 साली बाजारात आणली. सुरुवातीची पद्धत सहा टप्प्यांची. त्यात कच्च्या मालातले वजनाने जेमतेम 40 टक्के गोळीच्या औषधात उतरायचे, बाकीचे टाकाऊ. 100 किलो कपाशी वेचून 60 किलो बांधावर फेकण्यासारखा प्रकार. नंतर नवी पद्धत आली, तीन टप्प्यांची, आणि 1992 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये त्या पद्धतीचा कारखाना सुरू झाला. तिच्यात शेवटच्या टप्प्याला पॅलेडियम लागते. ते कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पकडून रेणूत नेमक्या जागी बसवते. यात 77 टक्के माल औषधात उतरतो, आणि बाहेर पडणारे ॲसेटिक ॲसिड परत वापरले तर वाया जवळजवळ काहीच जात नाही. नदीत सोडायला घाण कमी, हा यातला मोठा फायदा. पूर्णेच्या काठावर राहणाऱ्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

याच कामावर आपल्या पुण्यात संशोधन झाले, हे मला दिवाळीपर्यंत माहीत नव्हते. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला सगळे एनसीएल म्हणतात, 1950 साली सुरू झाली. तिथे डॉ. रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे बनवण्यासाठी जास्त कार्यक्षम पॅलेडियम उत्प्रेरक शोधले. धातूच्या अणूभोवती कोणते रेणू बसवले म्हणजे तो वायू नेमका हव्या त्या कार्बनवर नेऊन ठेवेल, चुकीच्या कार्बनवर ठेवणार नाही, असा त्या कामाचा गाभा. शेजारच्या कार्बनवर बसला तर रेणू दिसायला तसाच, पण औषध नव्हे.

गोळी कितीही सुंदर रसायनशास्त्राने बनलेली असो, तुम्ही ती कशी घेता हे माझ्या हातात नाही, म्हणून इथे थांबून सांगतो. बीपीसाठी सार्टन चालू असेल, सोबत लघवीची गोळी असेल आणि वरून कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक रोज घेत असाल, तर किडनीवर तिन्ही बाजूंनी दाब येतो. एप्रिल-मेच्या उन्हात, अंगातले पाणी आटलेले असताना, तर फारच. किडनी बिघडलेले जे पेशंट मी पाहतो, त्यांतल्या कितीतरी जणांच्या खिशात दुखण्याची गोळी असते. त्यांना धातूने काही केलेले नसते. आणखी एक गोष्ट, सार्टन चालू असलेल्या बाईला दिवस गेले तर लगेच डॉक्टरांना सांगा. ती गोळी गरोदरपणात चालत नाही.

धातू आणि कार्बनच्या या जोडीची दुसरी करामत तुमच्या घरात, शेतात आणि माझ्या दवाखान्यातही पडलेली आहे, ती म्हणजे प्लास्टिक. मी इंटर्नशिप करत होतो तेव्हा काचेची सिरिंज असायची. स्टीलच्या डब्यात पाणी उकळायचे, त्यात सिरिंज आणि सुया टाकायच्या, चिमट्याने काढायच्या. ग्रामीण भागात एकेक सुई किती जणांना टोचली जायची आणि मध्ये पाणी खरोखर उकळायचे का, यावर न बोललेले बरे. कावीळ बी अशीच पसरायची. आज तुम्ही पाकीट फोडताना बघता ती सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची असते.

1953 साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी ॲल्युमिनियम आणि कार्बनची जोडी असलेले संयुग टायटॅनियमच्या क्षाराबरोबर वापरले आणि साध्या दाबाला एथिलीन वायूपासून पॉलिथिन बनवले. पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नाट्टा यांनी तीच युक्ती प्रॉपिलीनवर केली. प्रॉपिलीनच्या प्रत्येक मण्याला एक छोटी शेपटी असते. धातू मणी ओवताना सगळ्या शेपट्या एकाच बाजूला ठेवतो. शेपट्या कशाही विखुरल्या तर चिकट, निरुपयोगी गोळा मिळतो. एका ओळीत आल्या तर कडक, 160 अंशांच्या आसपासपर्यंत न वितळणारे प्लास्टिक मिळते, जे 121 अंशांच्या वाफेत निर्जंतुक करता येते. 1963 चे नोबेल दोघांना मिळून मिळाले. रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्यात असे प्लास्टिक आजही बनते. मोसंबीच्या बागेतली ठिबकची नळी त्याच घराण्यातल्या पॉलिथिनची. आप्पांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मंग माझ्या झाडाच्या बुडाशी बी तोच मध्यस्थ?" हो, तोच.

एनसीएलमध्ये या विषयाचे मोठे नाव म्हणजे डॉ. स्वामिनाथन शिवराम, जे पुढे तिथले संचालक झाले. गंमत बघा, ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ज्या हर्बर्ट ब्राऊन यांच्याकडे शिकले, त्यांच्याच प्रयोगशाळेत सुझुकी आणि नेगिशीही काम करून गेलेले. एका गुरूकडून विद्या निघाली, ती कुणाच्या बीपीच्या गोळीत गेली आणि कुणाच्या हातून प्लास्टिकच्या कामात.

आता खरी मजा सांगतो. आप्पांना सगळ्यात जास्त विश्वास कशावर? लाल इंजेक्शनवर. "अशक्तपणा आलाय, लाल इंजेक्शन मारा" हे वाक्य आपल्या भागातल्या प्रत्येक डॉक्टरने ऐकलेले आहे. ते लाल इंजेक्शन म्हणजे व्हिटॅमिन बी12. त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट हा धातू बसलेला असतो. लाल रंग त्याच्यामुळेच येतो. आणि मिथाइलकोबालामिन या प्रकारात कोबाल्ट कार्बनला थेट धरून असतो. म्हणजे ते अस्सल ऑर्गनोमेटॅलिक, निसर्गाने स्वतः बनवलेले. डोरोथी हॉजकिन यांनी 1956 पर्यंत बी12 ची रचना उलगडली आणि 1964 साली त्यांना नोबेल मिळाले. या इंजेक्शनची कुपी तपकिरी काचेची का असते, हे मला पेशंट कधी विचारत नाहीत. कोबाल्ट आणि कार्बनची ती जोडी उजेडाने तुटते, म्हणून.

पॅलेडियम मध्यस्थी करून निघून जाते, कोबाल्ट मात्र घरातच राहतो आणि राहायलाच हवा. रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी12 पुरते, पण ते नसेल तर रक्त कमी होते, पायाला मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस असल्यासारखे वाटते, विसरायला होते. ते झाडपाल्यात नसते. जिवाणू बनवतात आणि आपल्याला दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले 441 पुरुष तपासले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 67 टक्के पुरुषांचे बी12 कमी निघाले. सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती. त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल तर बी12 आणखी घसरते. माळकरी आप्पा, आठ वर्षे मेटफॉर्मिन, चहापुरते दूध. तपासले तर कमीच निघाले. त्यांच्या तळव्यांचा बधिरपणा मी दोन वर्षे नुसत्या शुगरच्या नावावर खपवत होतो, हेही इथे कबूल करतो. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांपासून घेत असाल तर बी12 एकदा तपासून घ्या. कमतरता नसताना ताकदीसाठी म्हणून लाल इंजेक्शन मागू नका, ते लघवीवाटे जाते आणि तुमचे पैसेही.

धातू आणि कार्बनची प्रत्येक जोडी चांगली असेही समजू नका. जपानच्या मिनामाता गावात मासे खाणाऱ्या लोकांना 1956 पासून जो भयंकर आजार दिसला, तो मिथाइल पाऱ्याने झाला. मिथाइलकोबालामिनमध्ये कोबाल्टने जो मिथाइल गट धरलेला असतो, तोच तिथे पाऱ्याने धरलेला. म्हणून 'त्यात धातू आहे का' एवढा प्रश्न पुरत नाही. कोणता धातू, किती, आणि कोणी मोजला, हे विचारा. माझ्याकडेही विचारा, गर्दी असली तरी.

आणि तोंड एका बाजूला ओढले गेले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवूनही आणू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलला सरळ जा. गाठीमुळे झालेला झटका असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

आप्पा आता दर महिन्याला येतात, नातवाला घेऊन. मागच्या सोमवारी बीपी 136/82 होते. नातवाने वहीत लिहून आणलेले सात प्रश्न विचारले, त्यातल्या दोघांची उत्तरे मला आली नाहीत. मी तसे सांगितले आणि पुतण्याला विचारून कळवतो म्हणालो. आप्पा उठता उठता दारात थांबले. "डॉक्टरसाहेब, ते लाल इंजेक्शन आहे ना आज? धातूवालं?"

मी सिस्टरला तपकिरी कुपी काढायला सांगितली.